कॉलेज कबड्डीचा हंगाम: जखमी खेळाडूला 'बाहेर बस' कोणी म्हणायचे?

सोमवारची ओपीडी. एकवीस वर्षांचा मुलगा आणि त्याची आई. मुलगा आत येताच म्हणाला, "सर, काही नाही झालं. फक्त फिट असल्याचं सर्टिफिकेट पाहिजे. परवा सेमीफायनल आहे."

आईने त्याला पुढे बोलू दिले नाही. "साहेब, रात्री दोनदा उलटी झाली त्याला. सकाळपासून गप गप आहे. तुम्हाला सांगणार नाही तो."

मुलगा महाविद्यालयाच्या कबड्डी संघात उजवा कोपरा सांभाळतो. आदल्या दिवशी घोट्याची पकड करायला तो खाली झेपावला आणि चढाईपटूचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. काही क्षण त्याला काही सुचले नाही. मग तोंडावर पाणी मारून तो पुन्हा उभा राहिला आणि डाव संपेपर्यंत खेळला. शेवटी किती गुणांनी जिंकलो, हे त्याला मित्रांना विचारावे लागले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मी प्रमाणपत्र दिले नाही. दोन उलट्या झाल्या असल्याने त्याला सीटी स्कॅनसाठी नांदेडला पाठवले. संध्याकाळी वडिलांचा फोन आला: "डॉक्टर, स्कॅन नॉर्मल आहे. मग खेळू द्यायचं ना?"

हा प्रश्न दर हंगामात मला विचारला जातो. या लेखात त्याचे उत्तर आहे, आणि त्यामागच्या मोठ्या प्रश्नाचेही: महाविद्यालयाच्या संघात जखमी खेळाडूला थांबवण्याचा अधिकार नेमका कोणाचा?

हंगाम छोटा, पणाला लागलेले मोठे

कबड्डीला सध्या चांगले दिवस आहेत. 2014 पासून प्रो कबड्डी टीव्हीवर दिसते. नोव्हेंबर 2025 मध्ये भारतीय महिलांनी ढाक्यात विश्वचषक जिंकला. विद्यापीठांच्या खेळाडूंसाठी 2020 पासून खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धा सुरू आहेत. 2025 ची स्पर्धा राजस्थानात झाली आणि त्यात कबड्डीही होती. पूर्णेसारख्या तालुक्याच्या गावातल्या मुलामुलींना हे सगळे आता आवाक्यातले वाटते, आणि ते चांगलेच आहे.

तिथपर्यंतची वाट मात्र अरुंद आहे. परभणी, नांदेड, हिंगोली आणि लातूर या चार जिल्ह्यांतली महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेली आहेत. आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होतात. त्यांत चमकलेल्यांमधून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, शिबिर होते, मग पश्चिम विभागीय आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. बाद पद्धतीत एक सामना हरला की महाविद्यालयाचा हंगाम संपतो. वर्षभराचा सराव दोन-चार दिवसांत पणाला लागतो. त्याच सुमारास हिवाळी परीक्षाही असतात.

त्या प्रमाणपत्रांची किंमत घरच्यांनाही माहीत असते. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी ठरलेल्या पातळीवरची कामगिरी लागते. आपल्याकडची बरीच मुले पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करता करता कबड्डी खेळतात.

आता गणित बघा. डोक्याला मार लागल्यावर तीन आठवडे थांबायला सांगितले, तर त्या मुलाचा पूर्ण हंगामच जातो. म्हणून तो लक्षणे लपवतो. हा बेफिकीरपणा नाही. त्याच्या जागी कोणीही तसेच करील. आणि म्हणूनच खेळायचे की थांबायचे, हा निर्णय एकट्या खेळाडूवर सोडता येत नाही.

स्कॅन नॉर्मल, तरी मेंदूला हादरा

डोक्याला जोरात मार बसला, किंवा मान-खांद्याला बसलेल्या धक्क्याने डोके झटक्यात हलले, की मेंदू कवटीच्या आत हिसकला जातो. पेशींचे काम काही काळ विस्कळीत होते. याला कन्कशन म्हणतात. आपण सोप्या भाषेत 'मेंदूला बसलेला हादरा' म्हणू.

सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव, कवटीचे फ्रॅक्चर आणि मोठी सूज दिसते. कन्कशन हा पेशींच्या कामातला बिघाड आहे, म्हणून तो स्कॅनमध्ये दिसत नाही. म्हणजे 'स्कॅन नॉर्मल' याचा अर्थ एवढाच: डोक्यात रक्तस्राव दिसत नाही. मेंदू खेळायला तयार आहे, असा त्याचा अर्थ नाही. त्या वडिलांना मी हेच सांगितले.

दुसरा गैरसमज असा, की शुद्ध हरपली नाही म्हणजे काही झाले नाही. कन्कशन झालेल्या बहुतेकांची शुद्ध हरपतच नाही. पुढीलपैकी एक जरी लक्षण दिसले तरी कन्कशन समजून खेळ थांबवा:

- डोकेदुखी, चक्कर, मळमळ
- धुरकट किंवा दोन-दोन दिसणे, उजेड किंवा आवाज सहन न होणे
- गोंधळलेला चेहरा, उशिरा उत्तर देणे, गुण किंवा समोरचा संघ न आठवणे
- तोल जाणे, चालताना झोकांडी
- 'डोकं जड झालंय', 'सगळं धुक्यात असल्यासारखं वाटतंय' असे सांगणे
- नंतरच्या दिवसांत चिडचिड, झोप बिघडणे, अभ्यासात लक्ष न लागणे

थांबणे का गरजेचे? एक, हादरलेल्या मेंदूच्या प्रतिक्रिया मंदावतात, त्यामुळे पुन्हा डोके आपटण्याची किंवा गुडघा मुरगळण्याची शक्यता वाढते. दोन, दुसरा मार बसला तर बरे होण्याचा काळ खूप लांबतो. तीन, तरुण मुलांमध्ये क्वचित असे होते की पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसतो आणि मेंदूला झपाट्याने सूज येते. हे दुर्मीळ आहे, पण प्राणघातक ठरू शकते. उपांत्य सामना त्या किमतीचा नाही.

ताबडतोब रुग्णालयात न्या, जर...

- उलट्या पुन्हा पुन्हा होत असतील
- डोकेदुखी वाढतच असेल
- झोपाळूपणा वाढत असेल किंवा जागे करणे अवघड जात असेल
- झटके आले असतील किंवा थोडा वेळ जरी शुद्ध हरपली असेल
- हातपाय अशक्त किंवा बधिर वाटत असतील, बोलणे अडखळत असेल
- मान खूप दुखत असेल
- नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव येत असेल

अशा वेळी 108 वर फोन करा. मान दुखत असेल तर खेळाडूला हलवू नका, उठवून बसवू नका. पूर्णेहून नांदेड किंवा परभणी तीसेक किलोमीटरवर आहे, म्हणून 'थोडा वेळ वाट बघू' यात वेळ घालवू नका. पहिले 24 तास रुग्णाला एकटे सोडू नका, मोटारसायकल चालवू देऊ नका आणि दारू पूर्ण बंद.

मैदानावर परत कधी?

त्याच दिवशी तर अजिबात नाही. पहिले 24 ते 48 तास तुलनेने विश्रांती: घरातल्या घरात हालचाल, थोडे चालणे चालेल, मोबाइल आणि टीव्ही कमी. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर झोपवून ठेवायची गरज नाही. त्यानंतर पायरी-पायरीने:

1. रोजची साधी कामे, थोडा अभ्यास
2. चालणे, सायकल, हलका व्यायाम
3. धावणे, पण कोणाशीही धक्का न होईल असे
4. चढाईचे पायकाम, सरावातल्या चाली, पण पकड नाही
5. डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्यावर पकडीसह सराव
6. सामना

प्रत्येक पायरीला किमान एक दिवस द्या. लक्षणे स्पष्ट वाढली तर एक पायरी मागे या. ब्रिटनमध्ये हौशी खेळाडूंसाठी 2023 मध्ये आलेल्या सूचनांनुसार हादरा बसल्यापासून 21 दिवस होण्याआधी सामना खेळायचा नाही. जिथे प्रत्येक संघामागे डॉक्टर नाही, तिथे हा साधा, मोजता येणारा नियम मला सर्वांत सुरक्षित वाटतो.

अमेरिकेला हे शिकायला शंभर वर्षे लागली

'हे सगळे परदेशी लाड आहेत' असे काही प्रशिक्षक म्हणतात. म्हणून एक उदाहरण देतो. अमेरिकेत महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉल हा प्रचंड लोकप्रिय खेळ आहे. शरद ऋतूत दर शनिवारी सामने, हजारो प्रेक्षक. 1905 च्या एका हंगामात तिथे किमान 18 खेळाडू दगावले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांनी विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून घेतले, नियम बदलले, आणि त्यातूनच महाविद्यालयीन खेळांची देशपातळीवरची संस्था उभी राहिली.

तरी डोक्याच्या माराकडे पुढची शंभर वर्षे 'जरा घंटी वाजली' म्हणून दुर्लक्ष होत राहिले. हेल्मेट कवटी वाचवते. आतल्या मेंदूचे हिसकणे थांबवत नाही. 2017 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंच्या तपासणीत 111 व्यावसायिक फुटबॉलपटूंपैकी 110 जणांमध्ये, आणि महाविद्यालयापर्यंतच खेळलेल्या 53 पैकी 48 जणांमध्ये, वारंवारच्या माराशी जोडलेला मेंदूचा झिजण्याचा आजार आढळला. यात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी: ज्यांना आधीच त्रास होता, त्यांच्याच कुटुंबांनी मेंदू दान करण्याची शक्यता जास्त असते. त्यामुळे हे प्रमाण सगळ्या खेळाडूंना लावता येत नाही. शिवाय कबड्डीत फुटबॉलसारख्या डोक्यावर डोके आपटणाऱ्या टकरी प्रत्येक चढाईत होत नाहीत. म्हणून घाबरून मुलांचा खेळ बंद करू नका. पण मार वारंवार बसू देणे चांगले नाही, एवढे यातून नक्की घ्या.

आपल्या कामाचा भाग पुढे आहे. 2010 पासून तिथल्या महाविद्यालयांना लेखी योजना ठेवणे बंधनकारक झाले: कन्कशनची शंका आली तर खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी परत नाही. 2016 मध्ये मोठ्या विद्यापीठांनी ठरवले की खेळाडू खेळणार की नाही, याबाबत वैद्यकीय चमूचा शब्द अंतिम. प्रशिक्षकाला तो बदलता येणार नाही. पैसा, यंत्रे, हेल्मेट हे सगळे होतेच. कमी होती ती ही स्पष्टता, की निर्णय कोणाचा. आणि ती आणायला खर्च येत नाही.

गुडघा: दुसरी मोठी जखम

आपली बरीच मुले मातीवर अनवाणी सराव करतात आणि मोठ्या स्पर्धेत एकदम मॅटवर बूट घालून उतरतात. मातीत पाय थोडा घसरतो. मॅटवर बूट चिकटून राहतो आणि अंग वळते, तेव्हा सगळा पीळ गुडघ्यावर येतो. मागून कोणी पाय धरलेला असेल तर आणखीच. मुलींमध्ये गुडघ्याच्या आतला मुख्य अस्थिबंध, म्हणजे एसीएल, तुटण्याचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो.

'कट' असा आवाज, काही तासांत आलेली सूज, आणि नंतर चालताना गुडघा निसटल्यासारखा वाटणे, ही एसीएल तुटल्याची खूण आहे. अशा वेळी मालिश करू नका, कोणाकडून गुडघा 'बसवून' घेऊ नका. बर्फ कापडात गुंडाळून शेका, पट्टी बांधा, पाय उंच ठेवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. सूज उतरली म्हणजे अस्थिबंध जुळला असे नाही. शस्त्रक्रिया झाली तर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने किंवा जास्त लागतात. ती महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना आधी विचारा.

तुटलेल्या गुडघ्यावर 'एवढा एक सामना' खेळणाऱ्यांची गादीही फाटते. मग पोलीस भरतीची 1600 मीटर धावही हातची जाते. ज्या नोकरीसाठी खेळायचे, तीच खेळण्यामुळे दूर जाते.

पुण्याच्या पलटणचा कर्णधार अस्लम इनामदार हा अहिल्यानगर जिल्ह्यातला. मार्च 2024 मध्ये त्याच्या संघाने प्रो कबड्डी जिंकली. पुढच्या हंगामात गुडघ्याच्या दुखापतीमुळे तो मध्येच बाहेर बसला. 2025 मध्ये कर्णधार म्हणून परतला आणि संघाला अंतिम फेरीत घेऊन गेला. थांबणे म्हणजे संपणे नव्हे, हे मुलांना पटवायला हे उदाहरण चांगले आहे.

वजन आणि इंजेक्शन

कबड्डीत वजनाची मर्यादा असते. वरिष्ठ गटात पुरुषांसाठी 85 आणि महिलांसाठी 75 किलो. वजनाच्या आदल्या दिवशी काही मुले पाणी सोडतात, जाड कपडे घालून धावतात, लघवी जास्त होण्याच्या गोळ्या घेतात. यात चरबी कमी होत नाही, फक्त पाणी जाते. रक्तातले पोटॅशियम बिघडते, पेटके येतात, हृदयाची लय बिघडू शकते. 1997 मध्ये अमेरिकेत अशाच प्रकारे वजन उतरवताना महाविद्यालयीन कुस्तीचे तीन खेळाडू काही आठवड्यांत दगावले आणि नियम बदलावे लागले. वजन उतरवायचेच असेल तर हंगामाच्या दोन-तीन महिने आधीपासून, आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास.

सामन्याआधी 'दुखणं बंद' करायचे इंजेक्शन मागणारेही येतात. वेदना हा इशारा आहे. तो बंद केला की जखम वाढते. पाणी कमी झालेल्या शरीरात अशी वेदनाशामके मूत्रपिंडालाही धोका देतात. आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते: अशा सुईत बऱ्याचदा मिसळले जाणारे स्टेरॉइड स्पर्धेच्या काळात उत्तेजक नियमांनुसार बंदी घातलेले आहे. लघवीच्या गोळ्यांवर तर कायम बंदी आहे. चाचणीत सापडल्यास 'गावातल्या डॉक्टरांनी दिलं' हे कारण चालत नाही. म्हणून कोणतेही औषध घेताना आपण स्पर्धक खेळाडू आहोत, हे डॉक्टरांना आधी सांगा.

मग निर्णय कोणाचा?

मुलगा नाही म्हणणार नाही. त्याला खेळायचे आहे. प्रशिक्षक आणि क्रीडा संचालक मुलांचे भले चिंततात, पण सामना चालू असताना त्यांचे लक्ष गुणफलकावर असते. पालक तिथे नसतात. म्हणून हा निर्णय सामन्याच्या दिवशी घेऊच नये. हंगाम सुरू होण्याआधी, शांत डोक्याने ठरवून ठेवावा. महाविद्यालयांनी एका कागदावर एवढे लिहावे:

1. डोक्याला मार लागून वरचे एकही लक्षण दिसले तर खेळाडू बाहेर. त्या दिवशी परत नाही, कोणी कितीही सांगितले तरी.
2. 'बाहेर' म्हणण्याचा अधिकार संघाबाहेरच्या एका व्यक्तीला: डॉक्टर मिळाला तर उत्तम, नाहीतर प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेले दुसऱ्या विभागातले प्राध्यापक.
3. परतण्यासाठी डॉक्टरांची लेखी परवानगी, आणि कन्कशननंतर 21 दिवस.
4. दुखापतीमुळे बसलेल्या खेळाडूला संघाच्या यादीतून आणि प्रमाणपत्रातून वगळायचे नाही.
5. मैदानावर बर्फ, पाणी, पट्ट्या, जवळच्या रुग्णालयाचा फोन आणि एक तयार वाहन.

चौथा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खरे सांगितल्याची शिक्षा मिळणार नाही हे कळले, तर मुले खरे सांगतील. कबड्डीच्या संघात बारा खेळाडू असतात. सात मैदानात, पाच राखीव. जागा भरण्याची सोय खेळाच्या नियमांतच आहे.

विद्यापीठानेही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या ठिकाणी एक डॉक्टर नेमून त्याचा शब्द अंतिम ठरवावा. नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, परभणीलाही आता झाले आहे. दोन-तीन दिवसांसाठी डॉक्टर मिळणे अशक्य नाही.

पालकांनी काय करावे?

हंगामाआधी क्रीडा संचालकांना भेटा आणि 'मार लागला तर आम्हाला कोण कळवणार?' एवढे विचारा. सामन्याहून आल्यावर 'जिंकलास का?' याच्याआधी 'कुठे लागलं का?' हे विचारा. मुलींचे हिमोग्लोबिन हंगामाआधी तपासून घ्या. राज्यात निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय आहे आणि दम लवकर लागणे हे त्याचेच लक्षण असू शकते. आणि डॉक्टरांकडे 'सर्टिफिकेट द्या' म्हणून जाऊ नका, 'तपासा' म्हणून जा.

त्या मुलाचा संघ उपांत्य सामना हरला. त्याचे शेवटचे वर्ष होते, त्यामुळे तो पुन्हा महाविद्यालयाकडून खेळला नाही. महिनाभर रस्त्यात दिसला तरी माझ्याकडे बघत नव्हता. त्याचे काही चुकत होते असे मला वाटत नाही; त्याचे खरेच नुकसान झाले होते. डोकेदुखी जायला त्याला अठरा दिवस लागले. त्या अठरा दिवसांतल्या तिसऱ्या दिवशी तो सामना होता.